गच्चीवर जात नाही, लिफ्ट वापरत नाही, मग पैसे का भरायचे?

पत्र थोडक्यात असं आहे. सांगलीत शामरावनगर भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलंय. तळमजला आणि वर तीन मजले, एकूण बारा फ्लॅट, बिल्डिंग सतरा-अठरा वर्षांची. ताईंचा फ्लॅट तळमजल्यावर, अकराशे स्क्वेअर फुटांचा, म्हणजे बिल्डिंगमधल्या मोठ्या फ्लॅटपैकी. यजमान वारले, मुलगा बंगळूरला, घरात एकट्याच असतात. गच्ची गळायला लागल्याने तिसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांत पावसाळ्यात बादल्या मांडायची वेळ येते, म्हणून कमिटीने वॉटरप्रूफिंगचं ३,६०,००० रुपयांचं कोटेशन आणलं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिलं की प्रत्येक फ्लॅटने ३०,००० जमा करावेत. ताई म्हणतात, मी गच्चीवर जात नाही, लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही तरी लिफ्टचे पैसे भरत आलेय, आता गच्चीचंही माझ्याच माथी का? उलट ड्रेनेजचं चेंबर तुंबलं की घाण पाणी माझ्या बाथरूममधून वर येतं, ते साफ करून घ्यायचे पैसे मीच देते, तेव्हा वरचं कोणी डोकावत नाही. ठाण्याची बहीण म्हणते तळमजल्याला लिफ्ट माफ असते, तू एक रुपया देऊ नकोस. ताईंनी नाही म्हटल्यावर सेक्रेटरी म्हणाले, मग तुमचं पाणी बंद करू. ग्राहक कोर्टात जावं, की मुलगा म्हणतो तसं फ्लॅट विकून मोकळं व्हावं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, नमस्कार.

आधी पाण्याचं बोलते, कारण तुमच्या पत्रात बाकी सगळा राग आहे आणि तेवढ्या एका ओळीत भीती आहे. पाणी बंद करायचा अधिकार कमिटीला नाही. थकबाकी वसूल करायचे रस्ते कायद्याने दिलेत, त्यात एकट्या राहणाऱ्या बाईचा नळ तोडणं कुठेच बसत नाही. तो मेसेज ग्रुपवर असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, तोंडी बोलले असतील तर तारीख, वेळ आणि समोर कोण होतं ते वहीत लिहून ठेवा. खरंच व्हॉल्व्ह बंद केला तर त्याच दिवशी सेक्रेटरींना लेखी कळवायचं, त्याची एक प्रत सहकार खात्याच्या उपनिबंधकांना आणि एक अर्ज पोलीस स्टेशनला. बहुतेक वेळा ती वेळ येत नाही, लेखी कागद हातात पडला की व्हॉल्व्ह उघडतो. पण ताई, पाणी तोडता येत नाही म्हणजे पैसे द्यायचे नाहीत असं मात्र नाही, आणि इथून पुढचं कदाचित तुम्हाला आवडणार नाही, तरी शेवटपर्यंत वाचा कारण त्यात तुमच्या फायद्याचंही बरंच आहे.

तुम्ही पत्रात सगळीकडे "आमची सोसायटी" असं लिहिलंय. तुमची बिल्डिंग खरंच सोसायटी आहे का? सांगली, मिरज, सातारा, कोल्हापूर या बाजूला दहा-बारा-वीस फ्लॅटच्या कितीतरी बिल्डिंगी सोसायटी नसतात, अपार्टमेंट असतात, आणि राहणाऱ्यांना वर्षानुवर्षं याचा पत्ता नसतो. कपाटातली फाइल काढा. त्यात शेअर सर्टिफिकेट असेल तर तुम्ही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासद, तुम्हाला १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि उपविधी, म्हणजे संस्थेचे लिखित नियम, लागू. त्याऐवजी "डीड ऑफ अपार्टमेंट" नावाचा नोंदवलेला दस्त असेल तर तुम्हाला १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट लागू. आणि तिसरा प्रकार म्हणजे बिल्डरशी केलेला नुसता करारनामा आहे, ना सोसायटी झाली ना अपार्टमेंट डीड झालं, तसं असेल तर गच्चीच्या आधी तो प्रश्न धसास लावावा लागेल, तो वेगळा विषय आहे, पुन्हा लिहा. तुम्ही लिहिलंय की खरेदीच्या वेळी "डिक्लेरेशनची झेरॉक्स" मिळाली होती, डिक्लेरेशन म्हणजे इमारत अपार्टमेंटच्या कायद्याखाली आणल्याचं घोषणापत्र, त्यावरून मला वाटतं तुमची बिल्डिंग अपार्टमेंटच आहे, आणि मी तसं धरूनच पुढे लिहिते.

आता बहिणीचं म्हणणं. त्या ठाण्यात सोसायटीत राहतात, त्यांचे नियम तुम्हाला लागू नाहीत. आणि लागू असते तरी उपयोग झाला नसता, कारण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत स्पष्ट लिहिलंय की लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी समान भरायचा, मग कोणी लिफ्ट वापरो की न वापरो. तळमजल्याला माफी नाही. शिवाय सोसायटीत सगळंच सारखं असतं हाही समज आहे. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर, दुरुस्ती फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक, किमान पाव टक्का, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. बहिणीने काळजीपोटीच सांगितलं असणार, पण तिच्या भरवशावर भांडायला जाऊ नका.

अपार्टमेंटच्या कायद्यात काय आहे ते बघा. फ्लॅट तुमच्या एकटीच्या मालकीचा. पण पाया, कॉलम, बीम, मुख्य भिंती, छत, जिना, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, पंप, मोटर, पार्किंग, आवार हे सगळं सामाईक, आणि त्या सामाईकात प्रत्येक फ्लॅटचा एक अविभक्त, म्हणजे वेगळा काढता न येणारा, हिस्सा टक्क्यांत ठरलेला असतो. तो घोषणापत्रात, म्हणजे तुम्ही म्हणता त्या डिक्लेरेशनमध्ये, आणि तुमच्या अपार्टमेंट डीडमध्येही लिहिलेला असतो. सामाईक खर्च या टक्केवारीने वाटायचा, असं कलम १० सांगतं. वापराचा त्यात संबंधच नाही. मी वापर सोडला म्हणून मला वगळा, असं म्हणायची सोयही कायद्याने ठेवलेली नाही. गच्चीचा एखादा भाग घोषणापत्रात कोणा एकाच्या वापरासाठी राखून ठेवला असेल तर तेवढं वेगळं बघावं लागतं, ते पान नीट वाचा.

तुम्हाला हे जाचक वाटेल, पण तुमच्याच पत्रातली एक ओळ मला थांबवून गेली. तुम्ही लिहिलंय की २०१९ च्या पुरात तुमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५, तेव्हा शामरावनगरात काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. पाणी उतरल्यावर पार्किंगमधली मोटर, मीटरचं पॅनेल, लिफ्टच्या खड्ड्यातली दुरुस्ती हे सगळं बिल्डिंगने वर्गणी काढून केलं, असं तुम्हीच म्हणता. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं. त्यांनी तेव्हा म्हटलं असतं की पूर तळमजल्याला आला, तळमजल्याने बघावं, तर? त्यांनी भरले, कारण मोटर सगळ्यांची होती. गच्चीही तशीच सगळ्यांची आहे.

आणि गच्ची गळते ते फक्त वरच्या घरात टपकण्यापुरतं राहत नाही. कोब्यातून, म्हणजे स्लॅबवर पाणी अडवायला घातलेल्या थरातून, मुरलेलं पाणी स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत जातं, सळई गंजली की फुगते, फुगली की खालचं काँक्रीट सोडते, आधी पोपडे पडतात मग सळ्या उघड्या पडतात. तेच पाणी बीममधून कॉलमकडे उतरतं. तुमच्या हॉलच्या कोपऱ्यातला कॉलम आणि वरच्या वहिनींच्या हॉलच्या कोपऱ्यातला कॉलम एकच आहे ताई. आज साडेतीन लाखांचं काम चार वर्षांनी स्लॅबच्या दुरुस्तीसकट किती होईल हे मी सांगू शकत नाही, पण कमी होणार नाही एवढं नक्की. बिल्डिंग सतरा-अठरा वर्षांची आहे, सोसायट्यांच्या उपविधीत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सांगितलंय, अपार्टमेंटवाल्यांनीही तेच अंतर पाळायला हवं असं माझं ठाम मत आहे, विशेषतः जिथे पाया पुरात भिजलाय तिथे.

आता आकड्याकडे येते, इथे तुमचा अंदाज उलटा पडतोय. तुम्हाला वाटतं ३०,००० हा अन्याय आहे. कमिटीने सरळ बाराने भागलंय. पण खर्च टक्केवारीने वाटायचा म्हटला तर अकराशे फुटी फ्लॅटचा हिस्सा जास्त असणार. समजा प्रत्येक मजल्यावर ११००, ८५० आणि ६०० फुटांचा एकेक फ्लॅट आहे आणि घोषणापत्रात टक्केवारी त्याच प्रमाणात धरलीय, तर तुमचा हिस्सा साधारण १०.८ टक्के होतो. ३,६०,००० वर ते ३८,८८० रुपये. सहाशे फुटी फ्लॅटवाल्याला मात्र २१,२०० च्या आसपास. म्हणजे आत्ताच्या हिशोबात लहान फ्लॅटवाले तुमच्यासाठी भरतायत. कायद्याने ही टक्केवारी फ्लॅटच्या किमतीच्या प्रमाणात ठरते, व्यवहारात बिल्डर बहुतेकदा क्षेत्रफळावरूनच काढतो, त्यामुळे तुमच्या दस्तातला आकडा थोडा वेगळा असू शकेल, पण आठ टक्क्यांच्या खाली येईल असं मला वाटत नाही. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका मोठ्या कॉन्डोमिनियमच्या, म्हणजे अपार्टमेंट मालकांच्या संघाच्या, प्रकरणात हेच सांगितलं, अपार्टमेंटमध्ये मेंटेनन्स अविभक्त हिश्श्याप्रमाणेच, सगळ्यांना सारखा नाही. हा टक्का कमिटीला बहुमताने बदलताही येत नाही, त्याला सगळ्या मालकांची संमती लागते. सगळे राजी असतील आणि कोणीच हरकत घेत नसेल तर समान वर्गणी वर्षानुवर्षं चालते, पण ज्या दिवशी तुम्ही "कायद्याने काय ते करा" म्हणाल त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचा सहाशे फुटी फ्लॅटवाला पण तेच म्हणेल, आणि त्याचं बरोबर असेल.

हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुम्ही उपनिबंधकांकडे जायच्या आधी हे तुम्हाला माहीत असायला हवं, एवढंच.

कमिटीचं चुकलंय ते मात्र मी सोडणार नाही. एकच कोटेशन, तेही व्हॉट्सॲपवर, मीटिंग नाही, लेखी नोटीस नाही, ठराव नाही. ३,६०,००० मध्ये नेमकं काय करणार याचा एक शब्द नाही. तुम्ही पाठवलेला कोटेशनचा फोटो बघितला, त्यात "टेरेस वॉटरप्रूफिंग, बेस्ट क्वालिटी, गॅरंटी" एवढंच लिहिलंय. गॅरंटी किती वर्षांची, कशाची, कोण देणार? जुना विटांच्या तुकड्यांचा कोबा उखडून नवा करणार की वरूनच केमिकलचे दोन हात मारणार? या दोन्हीच्या खर्चात आणि टिकण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कडेची गोलाई नवी करणार का, पावसाच्या पाण्याच्या पाइपांची तोंडं दुरुस्त करणार का, काम झाल्यावर गच्चीत पाणी तुंबवून गळती तपासून दाखवणार का, उखडलेला राडारोडा कोण उचलणार. तीन कोटेशन हवीत आणि तिन्हीत कामाचं वर्णन एकसारखं हवं, नाहीतर तुलना कशाची करणार. त्याआधी शहरातल्या एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरला गच्ची दाखवून त्याच्याकडून कामाची यादी करून घ्या, त्याची फी बारा जणांत काहीच नाही.

तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या, गच्चीच्या फोटोत मला आणखी एक दिसलं. सोलरच्या स्टँडचे पाय थेट कोब्यात भोकं पाडून बोल्ट केलेत, बोल्टभोवती तांबूस डाग आहेत, आणि टाकीखालच्या आउटलेटशी हिरवं शेवाळ धरलंय म्हणजे तिथे पाणी साचून राहतं. सोलर बसवताना कोबा फुटला आणि गळती तिथून सुरू झाली, असं खूप गच्च्यांवर होतं. तुमच्याकडे तसंच असेल असं फोटोवरून म्हणता येणार नाही, इंजिनियरला नेमकं तेच विचारा. सोलर पाच घरांचे आहेत असं तुम्ही म्हणता. तसं निघालं तर ती भोकं बुजवणं, स्टँड उचलून काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवणं आणि काम चालू असताना सोलर काढून परत लावणं हा खर्च त्या पाच जणांचा, सामाईक नाही. हा मुद्दा मीटिंगमध्ये शांतपणे मांडा, तो रास्त आहे आणि त्याने सगळ्यांचीच रक्कम खाली येईल.

आता चेंबर. मला या पत्रात सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटलं, कारण इतकी वर्षं तुम्ही जे पैसे घालवलेत ते तुमचे नव्हतेच. वरच्या नऊ घरांचं सांडपाणी ज्या लाइनने उतरतं ती लाइन आणि आवारातलं चेंबर सामाईक आहे. ते तुंबतं कारण बारा स्वयंपाकघरांतलं खरकटं आणि तेल त्यात जातं. ते साफ करायचा खर्च बिल्डिंगचा. तुमच्या बाथरूमच्या आतली, फक्त तुमच्या वापराची पाइप असेल तर ती तुमची. ज्या तत्त्वाने गच्चीचे पैसे तुम्हाला द्यावे लागतात त्याच तत्त्वाने चेंबरचे पैसे त्यांना द्यावे लागतात, म्हणून गच्चीला नाही म्हणून तुम्ही आपलाच मुद्दा कमजोर करताय. पावत्या असतील तेवढ्या शोधा, सफाईवाल्याला फोनपे केलं असेल तर त्याच्या नोंदी काढा. मागचे सगळे पैसे परत मिळतील असं मी म्हणत नाही, वादाचा विषय करू नका, पण इथून पुढे वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, चेंबर बिल्डिंगच्या खर्चाने साफ व्हायचा ठराव करून घ्या. शिवाय ड्रेनेज उलटं येऊ नये म्हणून लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसतो का हे प्लंबरला विचारा. पूरपट्ट्यातल्या तळमजल्याला तो फार उपयोगी आहे आणि तो बसवायची मागणी याच मीटिंगमध्ये करा.

ग्राहक आयोगात जाऊ नका. बिल्डरने काम निकृष्ट दिलं किंवा वॉटरप्रूफिंगवाल्याने गॅरंटी पाळली नाही तर ती जागा, पण मालकामालकांत खर्च कसा वाटायचा या भांडणाला नाही. त्यासाठी उपनिबंधक आहेत, अपार्टमेंटच्या कायद्यातही सक्षम अधिकारी तेच. कमिटी हिशोब दाखवत नाही, मीटिंग घेत नाही, टक्केवारी डावलते, अशी तक्रार तिथे चालते. पण आधी लेखी पत्र, मग थोडी वाट, मग तक्रार.

विकण्याचं मुलाने म्हणणं ठीक आहे, त्याला तुमची काळजी आहे. पण थकबाकी ठेवून विकता येईल असं समजू नका. अपार्टमेंटमध्ये न भरलेल्या सामाईक खर्चाचा बोजा फ्लॅटवर चढतो आणि घेणाराही त्याला जबाबदार धरला जातो, म्हणून शहाणा गिऱ्हाईक आणि त्याची बँक येणं-बाकी नसल्याचा दाखला मागतेच. गळक्या बिल्डिंगमधला, ज्यात मालकांची भांडणं चाललीत असा फ्लॅट पडत्या भावात जातो. विकायचंच असेल तर गच्ची झाल्यावर विका. तुमच्या बिल्डिंगमधल्या बंद फ्लॅटचा मालक पुण्यात असतो, त्यालाही हेच सांगा, तो तीन वर्षं मेंटेनन्स भरत नाही असं तुम्ही लिहिलंय, त्याला कमिटीने रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवावी.

या आठवड्यात दोन गोष्टी करा. घोषणापत्राची आणि तुमच्या डीडची नक्कल, दस्त नोंदवतात त्या दुय्यम निबंधक कार्यालयातून काढा, घरातल्या झेरॉक्समध्ये टक्केवारीचं पान असेल तर तेही चालेल. आणि सेक्रेटरींना हे पत्र द्या, पोच घेऊन, हवं तर माझेच शब्द वापरा:

"गच्चीचं काम होणं गरजेचं आहे हे मला मान्य आहे आणि माझा हिस्सा द्यायला मी तयार आहे. त्याआधी सर्व मालकांची लेखी नोटीस देऊन सभा घ्यावी, इंजिनियरकडून कामाची यादी आणि त्यावर तीन कोटेशन मागवावीत, खर्च घोषणापत्रातील टक्केवारीने वाटायचा की सर्वांच्या लेखी संमतीने समान, ते इतिवृत्तात नोंदवावं. सोलर स्टँडमुळे नुकसान झालं असल्यास तो खर्च संबंधितांकडून घ्यावा. आवारातील ड्रेनेज चेंबरची सफाई यापुढे सामाईक खर्चातून व्हावी. माझी रक्कम मी तीन हप्त्यांत अपार्टमेंटच्या बँक खात्यात चेकने भरेन. माझं पाणी बंद करण्याबाबत जे बोललं गेलं त्याला माझी हरकत आहे."

बघा, यात कुठेही "देणार नाही" नाही. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने हप्ते मागण्यात काही कमीपणा नाही, आणि ठेकेदारालाही सगळे पैसे आधी द्यायचे नसतातच, काही आगाऊ, काही कोबा झाल्यावर, शेवटचा हप्ता पाणी तुंबवून तपासल्यावर आणि जमलं तर थोडी रक्कम पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून. अपार्टमेंटचं बँक खातं नसेल, सेक्रेटरींच्या स्वतःच्या खात्यात पैसे मागत असतील, तर तिथे मात्र ठाम राहा.

पत्र देण्याआधी एकदा तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्या दोन घरांचं छत स्वतः बघून या, लिफ्टनेच जा. त्यांच्या मुलांना तुम्ही शाळेत शिकवलंय, तुमचा शब्द त्या बिल्डिंगमध्ये सेक्रेटरींपेक्षा जास्त चालेल असा माझा अंदाज आहे, आणि सोलरवाल्या पाच जणांना समजावायचं काम तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमेल असं दिसत नाही.

वेळेचंही सांगून ठेवते. मे अर्धा गेला असेल तर यंदा कोबा उखडू नका. वळीव कधी येईल सांगता येत नाही, जुना कोबा निघालेला, नवा बसायचा आणि वरून पाऊस, असं झालं तर तिसऱ्या मजल्यावरच्यांचे आत्तापेक्षा जास्त हाल होतील. नव्या कोब्याला आळी करून पाणी धरून ठेवावं लागतं, वाळायला दिवस द्यावे लागतात, घाईत केलेलं काम पुढच्या वर्षी पुन्हा गळतं. यंदा पाइपांची तोंडं साफ करा, सोलरच्या बोल्टभोवतीची भोकं आणि दिसतील त्या चिरा चांगल्या सीलंटने भरून घ्या, फार गळत असेल त्या भागावर जाड ताडपत्री पक्की बांधा, तेवढ्यावर पावसाळा काढता येतो. सभा आणि कोटेशनं पावसाळ्यात होऊ देत, हप्ते जमा होऊ देत, आणि काम दिवाळी झाली की सुरू करा.